बुलेट फटफटी : रेडिचची प्रत व मद्रासची प्रत

जुन्या यंत्रांच्या संग्राहकांत एक मत रूढ आहे, व तें इतक्या वेळां उच्चारलें जातें कीं त्यास पुराव्याची गरज आहे असें कोणास वाटत नाहीं. तें मत असें कीं, रॉयल एन्फील्ड कंपनीची 'बुलेट' ही एका सिलिंडरची फटफटी इंग्लंडांत रेडिच येथें तयार झाली ती अस्सल, आणि मद्रासेस तयार झाली ती नक्कल. यामुळें रेडिचची गाडी हातीं आली तर तिचें मोल चढत्या भावानें करावयाचें, आणि मद्रासची आली तर तिचें मद्रासपण घांसून काढून तिला रेडिचचें रूप द्यावयाचें, असा प्रघात पडला आहे. हा उद्योग आम्हीं स्वतःहि केलेला आहे. त्याची कबुली पुढें येईल. प्रस्तुत लेखांत या मताची तपासणी करावयाची आहे. पोथ्या व दप्तरें चाळणाऱ्या वाचकांस विषय प्रथमदर्शनीं परका वाटेल, परंतु प्रश्न त्यांच्या नित्य परिचयाचा आहे. मूळ प्रतीची परंपरा तिच्या स्वतःच्या गांवींच खंडित झाली, दूरदेशीं केलेली प्रत मात्र टिकली व तिजवरून पुढें असंख्य प्रती निघाल्या, तर प्रमाण कोणती मानावी ?

प्रथम मूळ स्थानाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. रेडिच हें वुस्टरशायर परगण्यांतील गांव सुयांच्या कारखान्यांकरितां प्रसिद्ध होतें. अशाच एका सुयांच्या धंद्यांतून सायकली करणारी कंपनी निघाली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तिला मिडलसेक्समधील एन्फील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेकरितां बंदुकांचे सुटे भाग करण्याचें काम मिळालें. त्यावरून 'रॉयल एन्फील्ड' हें नांव आलें, आणि तोफेचें चिन्हहि त्यावरूनच. कंपनीची पहिली फटफटी १९०१ सालची आहे. 'बुलेट' म्हणजे गोळी, हें नांव १९३२ च्या अखेरीस तिरप्या सिलिंडरच्या कांहीं गाड्यांस प्रथम देण्यांत आलें. परंतु त्या बुलेटचा व आपल्या विषयाचा संबंध नांवापुरताच आहे. दुसऱ्या महायुद्धांत कंपनीनें सैन्याकरितां पुष्कळ गाड्या केल्या. त्यांत विमानांतून छत्रीनें खालीं सोडण्याची एक चिमुकली गाडी होती, व साडेतीनशें घन सेंटिमीटरच्या वर्गांतील एक दणकट गाडीहि होती. युद्ध संपल्यावर या दुसरीच्या वंशांतून 'मॉडेल जी' निघाली. तिच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धांव ९० मिलिमीटर, व आकारमान ३४६ घन सेंटिमीटर होतें. हे तीन आंकडे वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. सर्व लेखाचा आधार तेच आहेत.

१९४८ सालच्या फेब्रुवारींत कोलमोर चषकाच्या कसोटी-शर्यतींत रेडिचच्या ज्या नमुना-गाड्या उतरल्या त्यांचें मागचें चाक सांगाड्यास घट्ट जखडलेलें नव्हतें. तें एका हेलकावणाऱ्या भुजेवर बसविलेलें असून, दोन बाजूंस तेल भरलेले धक्काशोषक होते, ज्यांस आमचे मिस्त्री 'शॉकॉप' म्हणतात. त्या काळीं बहुतेक इंग्रजी गाड्यांचें मागचें चाक सांगाड्याशीं ताठ बांधलेलें असे, आणि चिखलदगडांच्या शर्यतींत तर तसेंच असलें पाहिजे, नाहींतर चाकाची पकड सुटेल, असा जाणत्यांचा समज होता. हा समज त्याच वर्षीं ढासळला. इटलींत सान रेमो येथें झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय कसोटींत विक ब्रिटन व चार्ली रॉजर्स यांनीं या गाड्यांवर सुवर्णपदकें मिळविलीं, व ब्रिटिश संघास विजयचषक मिळाला. १९४९ पासून गाडी विक्रीस निघाली. पुढें विक यांचे पुत्र जॉनी ब्रिटन यांनीं बुलेटवर स्कॉटलंडची सहा दिवसांची शर्यत १९५२ व १९५७ अशी दोनदां जिंकली. त्यांच्या गाडीचा 'एच. एन. पी. ३३१' हा क्रमांक इंग्लंडांतील शौकिनांस अद्याप तोंडपाठ आहे.

आतां यंत्राकडे वळूं. सिलिंडर एक, पिस्टन एक. पिस्टन खालीं जातांना पेट्रोल व हवा यांचें मिश्रण आंत ओढतो, वर येतांना तें दाबतो, ठिणगी पडतांच खालीं ढकलला जातो, आणि पुन्हां वर येतांना जळलेला धूर बाहेर लोटतो. चार धांवांत काम करणारी एकच. बाकीच्या तीन उधारीवर चालतात. ही उधारी फेडणारा सावकार म्हणजे इंजिनाच्या पोटांतील दोन जड चक्रें, ज्यांस फ्लायव्हील म्हणतात. एका स्फोटाचा जोर तीं आपल्या फिरण्यांत साठवितात, व पुढील तीन धांवा पिस्टनला ओढून नेतात. बुलेटमध्यें हीं चक्रें चांगलीं वजनदार आहेत, आणि पिस्टनची धांव सिलिंडरच्या व्यासाहून लांब आहे. यामुळें इंजिन कमी फेऱ्यांत, दमानें ओढतें. सुमारें अठरा अश्वशक्ति हें तिचें एकंदर सामर्थ्य आजच्या हिशेबानें अल्प वाटतें खरें. परंतु मागें दोन पोतीं बांधलेली गाडी घाट चढते, ती या जड चक्रांच्या जोरावर.

मराठींत 'फटफटी' हा शब्द कां रूढ झाला याचें उत्तरहि येथेंच आहे. उभ्या गाडीचें इंजिन मिनिटास हजार फेरे घेत आहे असें धरलें तर चार धांवांच्या नियमानें स्फोट पांचशें, म्हणजे सेकंदास सुमारें आठ. आठ आवाज मनुष्याच्या कानाला सुटे ऐकूं येतात. तेंच इंजिन रस्त्यावर तीन हजार फेऱ्यांनीं धांवूं लागलें म्हणजे सेकंदास पंचवीस स्फोट होतात, व ते एकमेकांत मिसळून गुंजन होतें. दोन किंवा चार सिलिंडरांच्या गाडींत स्फोटांची संख्या त्या मानानें वाढते, त्यामुळें ती उभी असतांनाहि 'फटफट' करीत नाहीं. आमच्या लोकांनीं कोणतेंहि पुस्तक न उघडतां, केवळ कानाच्या साक्षीवरून एका सिलिंडरच्या यंत्रास अचूक नांव दिलें, ही गोष्ट आम्हांस मोठ्या कौतुकाची वाटते.

एकटा पिस्टन वर-खालीं धांवत असल्यामुळें त्याच्या धक्क्यास तोलून धरणारा दुसरा कोणी नसतो. चक्रांना उलट बाजूस वजन ठेवून हा धक्का कांहीं अंशीं मारतां येतो. पूर्णपणें मारूं गेल्यास तोच पुढें-मागें प्रगट होतो. म्हणून कारागीर मधला मार्ग काढतो आणि उरलेला थरथराट गाडीच्या मालकास सोसावा लागतो. नटबोल्ट ढिले होणें, नंबराच्या पाटीस चीर जाणें, दिव्याची तार तुटणें, हे सर्व त्या तडजोडीचे व्याज. आणखी एक दोष रचनेंतच आहे. तेलाची टांकी निराळी न ठेवतां ती इंजिनाच्या कोठींतच मागील बाजूस ओतलेली आहे. आणि ती कोठी उभी चिरून दोन अर्धुकांची केलेली असल्यामुळें तो लांब सांधा सदैव तेल अडवून धरीत असतो. तो कोठेंतरी पाझरतो. बुलेट जेथें रात्रभर उभी राहते तेथें सकाळीं जमिनीवर तेलाचा ठिपका दिसावयाचाच. पुष्कळ लोक यास मद्रासचा प्रमाद समजतात. वास्तविक सांधा रेडिचच्या आराखड्यांतला आहे. मद्रासनें तो मुळाबरहुकूम उतरला.

तेल फिरविण्याची योजना मात्र सुबक आहे. कोठीच्या उजव्या बाजूस दोन लहान पंप आहेत. एक तेल पुढें लोटतो, दुसरा खालीं सांचलेलें तेल परत ओढतो. दुसऱ्याची ओढ पहिल्याच्या पुरवठ्याहून जास्त ठेवली आहे, म्हणजे तळाशीं तेल सांचून राहत नाहीं. पिस्टन व फ्लायव्हील यांस जोडणारा दांडा हलक्या मिश्रधातूचा असून, त्याच्या मोठ्या टोंकाशीं गोळ्यांच्या बेअरिंगऐवजीं एक तरती बुश आहे; म्हणजे दांडा व खीळ या दोहोंच्या मध्यें सुटी फिरणारी कडी. ती तेलावर तरंगते, आणि तेल वेळेवर बदलल्यास पुष्कळ वर्षें टिकते. न बदलल्यास खड्‌खड् असा ठोका सुरू होतो. तो एकदां ऐकलेला मनुष्य पुन्हां विसरत नाहीं.

दोन गोष्टी विशेष नमूद करण्याजोग्या आहेत, कारण हिंदुस्थानांत ही गाडी कां रुजली तें त्यांवरून कळतें. पहिली टॅपेटची. वरच्या व्हॉल्व्हना उचलणाऱ्या उभ्या काड्यांची लांबी मधून मधून जुळवून घ्यावी लागते. इतर अनेक गाड्यांत त्याकरितां इंजिनाच्या माथ्यापर्यंत पोंचावें लागतें. बुलेटमध्यें हें जुळविण्याचे स्क्रू काड्यांच्या पायथ्याशीं, उजव्या हाताला एका लहान झांकणाआड आहेत. दोन पाने असले म्हणजे झाडाखालीं बसून हें काम अर्ध्या तासांत होतें. दुसरी गोष्ट गिअर बॉक्सची. ती आल्बियन कंपनीच्या रचनेची, चार गतींची असून, इंजिनाच्या पाठीशीं बोल्टांनीं जोडलेली आहे. म्हणजे इंजिन न उघडतां ती निराळी काढतां येते. शिवाय तिला टांचेनें दाबावयाची एक जादा पट्टी आहे. दुसऱ्या, तिसऱ्या वा चौथ्या गतींत असतांना ती दाबली कीं गिअर एकदम मोकळा होतो. शहराच्या गर्दींत या पट्टीची किंमत ज्यानें वापरली त्यासच कळते.

गाडी सुरू करण्याचा विधीहि सांगितला पाहिजे. कारण तोहि मौखिक परंपरेनें चालत आला आहे. कळ फिरवून किक हळूहळू दाबीत जावें व दिव्याच्या टोपावरील विद्युत्‌मापकाच्या कांट्याकडे पाहावें. कांटा बाजूला झुकलेला असतो तो मध्यावर परत आला कीं पिस्टन दाबाच्या धांवेच्या माथ्याजवळ पोंचला असें समजावें. मग डाव्या हातांतील लहान कळ ओढून सिलिंडरांतील दाब मोकळा करावा, पिस्टन माथ्यापलीकडे अलगद न्यावा, कळ सोडावी, आणि पूर्ण पाय टाकून एक किक मारावी. हा क्रम न पाळणाऱ्याची किक उलटी फिरते. तिच्या खुणा पोटरीवर बाळगणारे सद्‌गृहस्थ महाराष्ट्रांत थोडे नसावेत.

असो. आतां प्रतीच्या इतिहासाकडे. १९४९ पासून मद्रास मोटर्स ही पेढी बुलेट विलायतेहून आणून विकीत असे. स्वतंत्र झालेल्या हिंदुस्थानच्या सैन्यास सरहद्दीवरील गस्तीकरितां गाड्या हव्या होत्या. त्यांची मागणी या पेढीमार्फत रेडिचला गेली व गाड्या पसंत पडल्या. पुढें रेडिचची कंपनी व मद्रास मोटर्स यांनीं मिळून १९५५ सालीं 'एन्फील्ड इंडिया' ही कंपनी काढली व मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथें कारखाना बांधला. आरंभीं सुटे भाग पेट्यांतून येत व येथें जोडले जात. नंतर, १९५७ सालीं, भाग घडविण्याचे सांचे व हत्यारेंहि मद्रासच्या कंपनीस विकण्यांत आलीं. आणि १९६२ पर्यंत गाडीचे सर्व भाग याच देशांत होऊं लागले.

या ठिकाणीं थोडें थांबावें अशी आमची विनंति आहे, कारण सर्व वादाचें मर्म येथें आहे. नक्कल म्हणजे पाहून केलेली दुसरी वस्तु. मद्रासला जें आलें तें केवळ चित्र किंवा नमुना नव्हे. ज्या सांच्यांतून रेडिचचे भाग निघत होते ते सांचेच आले. एखाद्या मठांतील पोथी दुसऱ्या मठानें उतरून घेतली असें हें झालें नाहीं. पहिल्या मठानें आपली दौत, लेखणी व आंखणीची पट्टी दुसऱ्याच्या स्वाधीन केली, आणि पोथी तेथें पुढें लिहिली जाऊं लागली.

आणि याच सुमारास पहिल्या मठांत काय चाललें होतें ? रेडिचनें आपली जुनी बुलेट १९६२ सालीं बंद केली. दुसऱ्या वर्षीं त्याच नांवाची नवी गाडी निघाली, परंतु ती जुनीची कन्या नव्हती. कंपनीची 'क्रुसेडर' नांवाची अडीचशेंची हलकी गाडी होती, तिचें इंजिन वाढवून ही 'नवी बुलेट' केलेली होती. इंजिन व गिअर बॉक्स एकाच कोठींत घातल्यामुळें टांचेची पट्टी, पाठीवर बोल्टांनीं जोडलेली पेटी, सर्व गेलें. गंमत अशी कीं सिलिंडरचें माप पुन्हां तेंच, ७० व ९०. म्हणजे शीर्षक तेंच, श्लोकसंख्या तीच, आणि आंतील ग्रंथ निराळा! ही गाडी १९६५ पर्यंत जेमतेम टिकली. रेडिचचा कारखाना १९६७ मध्यें बंद पडला. उरलेलें काम विल्टशायरमधील ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन येथें भुयारी जागेंत हलविलें, तेंहि १९७० त आटोपलें. तेव्हां अस्सल-नक्कल वादांत जे रेडिचला प्रमाण मानतात त्यांनीं हें विसरूं नये कीं, १९४९ च्या पाठाचा त्याग प्रथम रेडिचनेंच केला. तो पाठ १९६२ नंतर केवळ मद्रासेस जिवंत राहिला.

तो जिवंत राहण्याचें कारण मद्रासची भक्ति, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. कारणें व्यावहारिक होतीं. परकीय चलनाची टंचाई होती, नवीं यंत्रें आणण्यास परवाने लागत, आणि सैन्य व पोलीस या दोन गिऱ्हाइकांस नवलाईपेक्षां जुने सुटे भाग नव्या गाडीस बसणें अधिक मोलाचें होतें. स्पर्धा थोडी होती. बदल न करण्यांत तोटा नव्हता, म्हणून बदल झाला नाहीं. पुष्कळ हस्तलिखितांचा पाठ शुद्ध राहिला तो अशाच कारणानें. लेखनिकास सुधारणा करण्याची संधि मिळाली नाहीं एवढेंच. मात्र परिणाम विलक्षण झाला. १९७७ सालीं मद्रासची बुलेट 'एन्फील्ड' या नांवानें इंग्लंडांत विक्रीस गेली, आणि तेथील वृद्धांस आपल्या तारुण्यांतील गाडी दुकानांत कोरी करकरीत उभी दिसली.

तरीहि मद्रासच्या प्रतींत पाठभेद पडले, व गाडीचा काळ ठरवितांना तेच उपयोगी पडतात. आरंभींच्या इंग्रजी गाड्यांवर ठिणगी व दिवा यांकरितां ल्यूकस कंपनीचें मॅग्नेटो-डायनामोचें जोडयंत्र असे. पुढें आल्टर्नेटर व कॉइल आले, आणि ज्या विद्युत्‌मापकाचा विधि वर सांगितला तो या दुसऱ्या पद्धतीचा आहे. दिवा, वेगमापक व विद्युत्‌मापक यांस एकत्र घेणारा ओतीव टोप व त्यावरील दोन बारके दिवे, ज्यांस हल्लीं वाघाचे डोळे म्हणतात, ही १९५४ च्या सुमाराची सुधारणा होय. म्हणून असा टोप असलेली गाडी '१९४९ ची' म्हणून कोणी विकूं लागल्यास वाचकांनीं हात आंखडता घ्यावा. आमल कार्बुरेटरच्या जागीं पुढें मिककार्ब आला; सहा व्होल्टचें विद्युत्‌मंडळ बारा व्होल्टचें झालें; उजव्या पायाचा गिअर फार उशिरां डाव्या पायाकडे गेला. १९९० च्या सुमारास ८४ मिलिमीटर व्यासाची पांचशेंची बुलेटहि मद्रासेस निघाली. हा मात्र नवा पाठ नव्हे, कारण त्याच मापाची गाडी रेडिचनें १९५३ सालींच काढली होती.

गाडी वाचण्याची पद्धति दप्तर वाचण्याहून फार निराळी नाहीं. प्रथम इंजिनाचा व सांगाड्याचा असे दोन्ही ठोकलेले क्रमांक पाहावे व ते नोंदणीपुस्तकाशीं ताडावे. आंकड्यांची ठेवण, ठशाची खोली व ओळीची सरळता यांवरून मागाहून ठोकलेला क्रमांक ओळखूं येतो. बनावट शिक्का ओळखणाऱ्यास हें शिकविण्याची गरज नाहीं. नंबराच्या मालिकेवरूनहि काळ कळतो: मुंबई राज्याच्या काळांतील क्रमांक सामान्यतः 'बी' या अक्षरानें आरंभ होत, महाराष्ट्र राज्य झाल्यावर 'एम' नें, आणि 'एम. एच.' व जिल्ह्याचा आंकडा ही रीत १९८९ पासूनची आहे. मग भाग तपासावे. बुलेटचे भाग चार-पांच दशकें परस्परांस बसत आल्यामुळें एकाच गाडींत साठ सालचा सांगाडा, सत्तरचें सिलिंडर-हेड व नव्वदचा टोप सांपडणें नित्याचें आहे. पुण्याच्या जुन्या बाजारांत असे सुटे भाग ढिगानें असत, आणि सुट्या पानांची पोथी बांधणाऱ्या मनुष्याप्रमाणें मिस्त्री त्यांतून गाड्या जुळवीत. अशी गाडी खोटी नव्हे. ती मिश्र प्रत होय, आणि तिचें वर्णन मिश्र प्रत म्हणूनच करावें.

आतां कबुली. सुमारें वीस वर्षांपूर्वीं आमच्याकडे मद्रासची एक जुनी बुलेट आली. तिला आम्हीं मोठ्या हौसेनें 'मूळ रूपांत' आणली. देशी वेगमापक काढून विलायती बसविला, टांकीवरील अक्षरें घांसून नवीं लावलीं, मडगार्डावर हातानें रंगविलेलें एका गांवच्या सहकारी सोसायटीचें नांव होतें तें पुसलें. पुसतांना आम्हांस आनंद होत होता. आज तें नांवहि आम्हांस आठवत नाहीं, आणि ती गाडी कोणत्या गांवची हें सांगणारा दुसरा पुरावा उरलेला नाहीं. जी रेडिचची गाडी आम्हीं तयार केली ती रेडिचला कधींच झाली नव्हती. एखाद्यानें कागदावरील मोडी खरडून त्यावर सुवाच्य बाळबोधी लिहावी व त्यास जीर्णोद्धार म्हणावें, तसें तें कृत्य होतें.

म्हणून गेल्या वर्षीं दक्षिण महाराष्ट्रांतील एका गृहस्थांनीं आपल्या बुलेटला १९४९ चें रूप देण्याविषयीं सल्ला विचारला तेव्हां आम्ही तातडीनें गेलों. गाडी मद्रासची, काळी. टांकीची उजवी बाजू त्यांच्या मुलानें काचकागदानें घांसून धातूपर्यंत उघडी केली होती. डाव्या बाजूस मात्र रंग शाबूत होता, आणि घांसलेल्या भागाच्या कडेस थर स्पष्ट दिसत होते. वर काळा, त्याखालीं दुसरा काळा, व सर्वांच्या खालीं सैन्याचा हिरवा. नोंदणीपुस्तकाच्या पहिल्या पानावर, गाडी सैन्याच्या लिलांवांत घेतल्याची नोंद होती. त्यापुढें चार मालकांचीं नांवें, त्यांतील दोन एकाच घराण्यांतील पिता-पुत्रांचीं. हें सर्व आम्हीं त्यांस वाचून दाखविलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. नंतर त्यांनीं काचकागद उचलून ठेवावयास सांगितलें. टांकीची उजवी बाजू आहे तशीच ठेवून तिला गंज चढूं नये म्हणून नुसतें तेल लावावयाचें ठरलें.

या जुन्या लोखंडी सिलिंडरच्या इंजिनाची परंपरा मद्रासेसहि आतां संपली आहे. शहराचें नांव १९९६ सालीं चेन्नई झालें. १९९० च्या दशकांत कंपनी आयशर या उद्योगसमूहाकडे गेली. २००८ पासून एकाच कोठींतील नवीं इंजिनें येऊं लागलीं, आणि २०१० च्या सुमारास जुनें इंजिन बंद झालें. नव्या साडेतीनशेंच्या इंजिनांतहि ७० व ९० हें माप कांहीं काळ राखलें होतें. २०२० सालीं निघालेल्या इंजिनाचें माप ७२ व ८५.८ असून आकारमान ३४९ आहे, व बुलेट या नांवाच्या गाडीस तें २०२३ सालीं बसविण्यांत आलें.

त्या गृहस्थांच्या गाडीचें सिलिंडर आम्हीं निघण्यापूर्वीं उघडून पाहिलें. सिलिंडर झिजला म्हणजे तो कांतून किंचित् मोठा करतात व त्या मापाचा मोठा पिस्टन घालतात. वाढ किती ती पिस्टनच्या माथ्यावर इंचाच्या सहस्रांशांत ठोकलेली असते. काजळी पुसल्यावर तेथें '६०' हा आंकडा दिसला. म्हणजे व्यास ७० चा साडेएकाहत्तर झालेला, व आकारमान ३४६ चें सुमारें ३६१. नोंदणीपुस्तकांत अर्थातच अद्याप ३४६ आहे. यापुढें कांतण्यास जागा उरलेली नाहीं. पुढच्या वेळीं आंत नवी स्लीव्ह ठोकून मूळ सत्तरावर यावें लागेल, असें तेथील मिस्त्रींनीं सांगितलें, आणि झांकण परत बसविलें.